नववी-दहावीत प्रत्येक मुलाला वेगळा अनुभव द्यावा का? त्यानं स्वप्नं रुंदावतात की लवकर बांधली जातात?

कृष्णाकाठ (सांगली)

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गात मोठेपणी कोण व्हायचंय असं विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर एवढ्यावर यादी संपते. याच वर्गात तासगावच्या द्राक्षबागायतदारांची मुलं आहेत, हळदीच्या पेठेत हमाली करणाऱ्याचा मुलगा आहे, मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या घरातलाही एक आहे. त्यांच्या रोजच्या जगातलं काहीच त्या यादीत येत नाही, याचा मला फार त्रास होतो.

माझं म्हणणं असं : आठवी ते दहावी, आठवड्यातली एक दुपार प्रत्येक मुलाला त्यानं निवडलेल्या कामाजवळ घालवू द्या. एकाला बेदाण्याच्या शेडवर पाठवा. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात का बुडवतात, त्यानं सालीचं काय होतं, हे रसायनशास्त्रच आहे. दुसरीला मिरजेत जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवताना, बघू द्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जवळच्या शाळांतल्या किती मुलांनी ते काम हाताच्या अंतरावरून पाहिलंय? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेत. ते बऱ्याच ठिकाणी सहलीत उरकतात, आणि खरी गरज असते तेव्हा, म्हणजे नववी-दहावीत, क्लास आणि सराव परीक्षांशिवाय काही उरत नाही. जे पाहिलंच नाही त्याचं स्वप्न मुलांना पडणार कसं?

माणदेशी मास्तर (दहिवडी)

ताई, तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही.

पहिली अडचण गाडीची. आमच्या मुली एसटीच्या मोफत पासवर येतात. शाळा सुटल्यावरची गाडी चुकली तर दुसरी अंधारात. कार्यशाळेसाठी थांब म्हटलं की दोन दिवसांत घरून निरोप येतो, 'पोरीला वेळेवर सोडा.' मग निवड करतं कोण? ज्याच्या दारात मोटरसायकल आहे तो.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. चौदाव्या वर्षीची गोडी म्हणजे घरानं दाखवलेलं जग. मेंढपाळाच्या पोराला मेंढरांची गोडी असणारच. आपण त्याला 'याचा कल पशुपालनाकडे' म्हणून तिकडंच धाडलं तर बापाची काठी पोराच्या हातात देण्यापलीकडं शाळेनं काय केलं? २०१६ साली राज्यात दहावीची कलचाचणी सुरू झाली, तिच्यात 'गणवेशधारी सेवा' असं एक क्षेत्र होतं. आमच्याकडं कितीतरी पोरांचा कल तिकडं निघाला. निघणारच. पगार घेऊन सुट्टीवर येणारा माणूस म्हणजे गावातला फौजी, दुसरा कोणी त्यांनी बघितलेलाच नव्हता.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ला काल्यात रयत शिक्षण संस्था उभी केली आणि १९२४ला साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली आणि एकच शिक्षण घेऊ लागली. 'कमवा आणि शिका'मधलं काम शिक्षणाचा खर्च भागावा, श्रमाची लाज जावी म्हणून होतं. कुणाचा धंदा ठरवायला नव्हतं. गरिबाच्या पोराला आधी गणित, विज्ञान, भाषा भक्कम द्या. निवड त्याची तो पुढं करेल.

गलाईवाला (विटा, सध्या कोइमतूर)

मास्तर, तुमच्या भीतीला मान आहे, पण आमच्याकडं नेमकं उलटं घडलंय. खानापूर-आटपाडीकडची पोरं दहावी झाली की मामा-चुलत्यांच्या मागं सोनं गाळायला बाहेर पडतात. मीही तसाच आलो. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते आणि सोनं तसंच राहतं, हे मी भट्टीवर शिकलो. शाळेत आम्लं आणि धातू शिकवणाऱ्या एकाही सरांनी 'तुमच्या घरात हेच चालतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आमच्यातला एखादा धातुशास्त्र शिकायला गेला असता. शाळेनं घरच्या धंद्याचं नाव काढलं नाही म्हणून आमचा धंदा सुटला नाही. आम्ही त्यात फक्त कमी शिकून आलो.

अजिंक्यतारा (सातारा)

उदाहरणं समोर आहेत. आदिती स्वामी साताऱ्यातच तिरंदाजी शिकली आणि २०२३ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. गुण ओळखून वेगळी वागणूक मिळाली तरच असं घडतं. शाळांनी हजेरीत आणि वेळापत्रकात ढील द्यायलाच हवी.

माणदेशी मास्तर

मोही आमच्या शेजारचंच. ललिताचा अभिमान आम्हाला तुमच्याहून काकणभर जास्तच. पण तिच्याकडं बघून धावायला लागलेल्या पन्नास पोरींचं काय? त्यातल्या एकोणपन्नास जणींना पुढं नोकरीच्या परीक्षेला बसायचंय. त्यांचं गणित कच्चं राहिलं तर ढील देणारा कोणी जबाबदारी घेत नाही.

आणि सवलती आजही आहेत की. इंटरमिजिएट चित्रकलेची श्रेणी, खेळाचे गुण. त्यांचं काय होतं ते बघा. पालक विचारतात, 'यानं टक्के किती वाढतील?' गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते.

प्रीतिसंगम (कराड, डिप्लोमा दुसरं वर्ष)

मोठ्यांच्या मध्ये बोलते, राग मानू नका. आमच्या शाळेत आठवीपासून मूलभूत तंत्रज्ञान हा विषय होता, पाबळच्या विज्ञान आश्रमानं रुजवलेला. वर्कशॉप, वीज-ऊर्जा, शेती आणि घर-आरोग्य असे चार भाग, सगळ्यांना सगळे. मुलांनी चपात्या लाटल्या, आम्ही वेल्डिंग केलं. मला वेल्डिंग अजिबात आवडलं नाही. पण घरातल्या स्विचबोर्डचं वायरिंग मी एकटीनं पूर्ण केलं तेव्हा सर म्हणाले, 'तुझा हात स्थिर आहे.' तेवढ्या एका वाक्यावर मी इलेक्ट्रिकलला आले. घरी सगळे डी.एड. म्हणत होते. माझ्या मैत्रिणीनं तेच सगळं केलं आणि ती कॉमर्सला गेली, तिथं खूश आहे.

माणदेशी मास्तर

शाब्बास पोरी. पण बघा, सगळ्यांना सगळं मिळालं म्हणून हिला वीज सापडली. आधीच निवडायला सांगितलं असतं तर हिच्या वाट्याला काय आलं असतं, हे मला कुणी सांगायला नको.

कृष्णाकाठ

मान्य, निवडीआधी सगळ्यांना सगळं मिळू दे. पण मास्तर, सरांचं ते वाक्य विसरू नका. चाळीस जणांना एकच वायरिंग दिलं आणि एकीचा हात कुणी पाहिलाच नाही, तर ती आज डी.एड.ला असती. मी मागतेय ते हे पाहणं. प्रत्येक मुलामागं एक वही ठेवा, काय केलं, कुठं रमलं, कुठं अडलं. ती वही मुलाच्याच ताब्यात राहू दे.

माणदेशी मास्तर

वही मुलाकडं राहणार असेल तर माझी हरकत नाही. दाखल्यावर किंवा गुणपत्रिकेवर 'कल अमुक' असं छापायला मात्र माझा शेवटपर्यंत विरोध राहील. ते छापलेलं आयुष्यभर चिकटतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर गाडीला दीड-दोन तास मिळतात. त्या वेळात दहिवडीतला जनावरांचा दवाखाना आणि पाणीयोजनेचं पंपघर चालत जाण्यासारखं आहे. पण मी निवडून चार पोरं नेणार नाही, अख्खा वर्ग नेणार.

कृष्णाकाठ

न्या की अख्खा वर्ग. परत आल्यावर सगळ्यांना एकच निबंध मात्र लिहायला देऊ नका.