जाम्पेआ, सेलायार, कालाओतोआ: ड्वार्फ रेटिकमध्ये (बुटक्या रेटिक्युलेटेड अजगरांमध्ये) नेमका फरक काय?

सर्पवेडा: सगळे ड्वार्फ रेटिक सारखेच का? बेटांची नावं वाचून डोकं गरगरलं.

बेटवाला: नाही रे. सगळी बेटं इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या दक्षिणेला, पण 2002 मध्ये तानाजाम्पेआ (म्हणजेच जाम्पेआ) आणि सेलायारच्या अजगरांना वेगळ्या उपप्रजाती ठरवलं, त्यात सेलायारवाले मोठे, जाम्पेआ लहान, आणि कालाओतोआ, मादू बेटवाल्यांना तर लोक सुपर ड्वार्फ, म्हणजे आणखी बुटके, असंच म्हणतात.

रेटिकताई: आणि नुसत्या ‘सुपर ड्वार्फ’ लेबलवर जाऊ नका, बरेचसे मिक्स असतात, मेनलँडचं (मोठ्या, नेहमीच्या रेटिकचं) रक्त असलं की लांबी कुठवर जाईल सांगता येत नाही. आईबापांची साइज विचारा. भरमसाट खायला घातलं तर शुद्धवालेही वाढतातच, मादी तर जास्तच.

सर्पवेडा: म्हणजे आधी आईबाप बघायचे, बेट नंतर 😄