मदत हवी आहे: स्वाइप मशीनवर ग्राहकांची कार्डं वारंवार नाकारली जातात

भांडीघर_कराड
भांडी आणि मिक्सर-गिझरचं दुकान. स्वाइप मशीन एकच, सिमकार्डवर चालणारं. पंधरा दिवसांत अकरा कार्डं नाकारली गेली. पावत्यांवर नकाराचा कोड ०५ चार वेळा, ५७ तीन वेळा, ९१ दोनदा. उरलेल्या दोन वेळी कोड आलाच नाही, मशीन फिरत राहिलं आणि ‘कनेक्शन फेल’ म्हणालं. त्यातल्या एका गिऱ्हाईकाचे ६,८०० रुपये खात्यातून गेले, आमच्याकडे जमा नाहीत. मशीन बदलून मागावं का?

टर्मिनलवाला
मशीन बदलायची घाई नको. कोड आला याचा अर्थ तुमचा निरोप पुढे पोचला आणि कुणीतरी उत्तर दिलं. कोडच नसेल तर अडचण बहुधा दुकानातच आहे. तुमच्या अकरापैकी नऊ वेळा मशीनने आपलं काम केलेलं आहे.

०५ : कार्ड देणाऱ्या बँकेने कारण न सांगता नकार दिला. तेच कार्ड पुन्हापुन्हा घालू नका, त्याने बँकेचा संशय वाढतो आणि कार्ड ब्लॉकही होऊ शकतं. कार्डामागच्या नंबरवर गिऱ्हाईकानेच फोन करायचा.

५७ : या कार्डाला असा व्यवहार करायची मुभा नाही. हे तीनही व्यवहार ‘टॅप’चे, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून केलेले, होते का ते आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असतं. टॅप, ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करायचा. ॲप जवळ नसेल तर कार्ड खाचेत घाला, पिन घ्या, बहुतेक वेळा काम होतं. ५७ ऐवजी ५८ आला तर मात्र मुभा तुमच्या मशीनला नाही. ते काम मशीन देणाऱ्या बँकेचं.

९१ : समोरची बँक किंवा मधला स्विच, म्हणजे बँकांना जोडणारी यंत्रणा, उत्तर देत नाही. दहा मिनिटं थांबा, नाहीतर दुसऱ्या बँकेचं कार्ड किंवा यूपीआय घ्या.

भांडीघर_कराड
पावत्या काढून बघितल्या. तिन्ही ५७ टॅपचेच होते, आणि तिन्ही रकमा पाच हजारांच्या आत.

टर्मिनलवाला
मग तेच. टॅपवर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यावर मशीन पिन मागतं. रकमेचा इथे दोष नाही, टॅपच बंद आहे. काउंटरवरच्या मुलाला एवढंच शिकवा: टॅप नाकारलं की लगेच चिप आणि पिन.

हिशेबनीस
बाकीचे कोडही लिहून चिकटवा. ५१ शिल्लक नाही, ५४ मुदत संपली, ५५ पिन चुकला, ६१ मर्यादा ओलांडली, ७५ पिनचे प्रयत्न संपले. ५५ दुसऱ्यांदा आला की थांबवा. बहुतेक बँका तिसऱ्या चुकीनंतर पिन अडवतात. ६१ ला ग्राहक ॲपमधून मर्यादा वाढवू शकतो, पण बिलाचे तुकडे करून स्वाइप करू नका. दिवसाची मर्यादा संपलेली असेल तर उपयोग शून्य, आणि एकाच कार्डावर लागोपाठच्या रकमा दिसल्या की मशीन देणारी बँक जाब विचारते.

आता ६,८०० चं. आधी मशीन देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये त्या दिवसाचे व्यवहार उघडा आणि आरआरएन, म्हणजे बारा आकडी संदर्भ क्रमांक, शोधा. व्यवहार यशस्वी दिसला तर पैसे सेटलमेंटमध्ये, म्हणजे दिवसाच्या व्यवहारांचा हिशेब बँकेकडे जाऊन रक्कम खात्यात जमा होते तेव्हा, येतील, माल द्या. दिसलाच नाही किंवा अयशस्वी दिसला, तर ग्राहकाने स्वतःच्या बँकेत तक्रार नोंदवायची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. गिऱ्हाईकाला हे कागदावर लिहून द्या, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात आणि तो तुमच्याकडेच बघत असतो.

एक कळकळीची विनंती: ‘कनेक्शन फेल’ आल्यावर शेवटचा व्यवहार तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा स्वाइप करू नका. दुहेरी कपात बहुतेक इथेच होते.

भांडीघर_कराड
कनेक्शनचं काय करू? काउंटर मागच्या बाजूला आहे, स्टीलच्या रॅकशेजारी.

टर्मिनलवाला
जागाच वाईट आहे. धातूची रॅक रेंज खाते. दोन दिवस मशीन दाराजवळ ठेवून बघा. फरक पडला तर काउंटरची जागा बदला, किंवा मशीनला वायफाय असेल तर दुकानाच्या राउटरला जोडा. ज्या वायफायला लॉगिनचं पान उघडावं लागतं ते चालणार नाही. दाराशीही तीच गत झाली तर दुसऱ्या कंपनीचं सिम मागा.

आणि रात्री दुकान बंद करताना सेटलमेंट न चुकता करा. काही मशीनं जुनी बॅच, म्हणजे आधीच्या व्यवहारांचा गठ्ठा, अडकली की नवे व्यवहारच घेत नाहीत.

हिशेबनीस
वहीत पाच रकाने आखा: वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे, बँक, टॅप की चिप, कोड. महिनाभरात एकाच बँकेची कार्डं अडताना दिसली तर दोष तुमचा नाही. सगळ्या बँकांची एकाच वेळेला अडली तर वही घेऊन मशीन देणाऱ्या बँकेकडे जा आणि टीआयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, सांगून लेखी तक्रार द्या. पूर्ण कार्ड नंबर वहीत लिहू नका, पिन तर कधीच नाही.