१५ हजारांत ऑनलाइन रोड बाईक घेऊ काय?

खानापूर_सायकल: सेलमध्ये स्टील फ्रेमची दिसतेय. पुढच्या दोन चकत्या ५२/४२ दातांच्या, मागच्या ७ चकत्या १४-२८ दातांच्या, टायर २५ मिमी रुंदीचे. जोडणी आपणच करायची. खानापूर-बेळगाव रोज, रविवारी जांबोटीकडं.

टिळकवाडी_पेडल: आधी गिअर बघा की. सगळ्यात हलका ४२ ला २८, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक दीड फेरी. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढाला गुडघे बोलतील. ५०/३४ वाली मिळाली तर तीच घ्या. मागं फ्रीव्हील (चाकाच्या हबवर आट्यांनी बसवलेल्या चकत्या) असेल तर उजवं बेअरिंग आतल्या बाजूला राहतं, खड्ड्यात ॲक्सल (चाकाचा आस) वाकतो. कॅसेट (हबच्या खाचांवर सरकवून बसवलेल्या चकत्या) बरी. पावसाळ्यानंतरच्या रस्त्याला टायर २८ चे हवेत, ब्रेकखाली तेवढी जागा आहे का विचारून घ्या.

ग्रीसवाला: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ग्रीस लावून आधी हातानं फिरवा, मगच १५ चा पाना. तिरकं बसवून जोर केला की क्रँक (पेडल बसतं तो दांडा) गेला, मग नवाच. मागून डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघा, त्याचा पिंजरा चाकाला समांतर पाहिजे. कुरिअरमध्ये आपटून हँगर (डिरेलर टांगायची पट्टी) वाकला असेल तर साखळी मोठ्या चकतीवर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढाच.

खानापूर_सायकल: स्टेम (हँडल धरणारा दांडा) क्विलचा, म्हणजे पुढच्या नळीत आत शिरणारा आहे, हँडल किती वर घेता येईल?

ग्रीसवाला: दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते, ती आतच राहू दे. आणि १००-१५० किलोमीटर झाले की स्पोक परत ताणून घ्या, मशीननं विणलेली चाकं हमखास डुलतात.