अनुभव धागा: देवावर भार टाकून तुम्ही काय करायचं धाडस केलंत?

नगरची_टीचरबाई
सलाम सगळ्यांना. काल संडे स्कूलमध्ये येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट घेतली, नावेतून उतरून पाण्यावर चालतो ती, बायबलमधलं मत्तय १४. तो बुडायला लागतो तिथवर आले तर एक चिमुरडी विचारते, "टीचर, बाकीचे नावेतच बसले होते का?" मला पुढचं सुचेना, एकदम माझी व्हॅन आठवली. मिस्टरांचं एमआयडीसीतलं काम सुटलेलं, मी बारावी पास, आणि लहानपणापासून एकच वेड, गाडी चालवायची. शाळेची व्हॅन टाकावी असं कधीचं मनात घोळत होतं पण बोलायची छाती होत नव्हती. बायकांच्या कॉटेज प्रार्थनेत, घरोघरी जमतो त्या, मी मोघम विषय दिला, कामासाठी प्रार्थना करा म्हणून. एका आजींनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कसलं काम? नीट सांग, देवाला पण कळू दे." सगळ्या हसल्या आणि मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, व्हॅन. झालं, मग मागं कुठं फिरता, त्या आज्या दर भेटीत विचारणार लायसन झालं का, बॅज मिळाला का. जुनी ओम्नी घेतली. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली, शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधली, मी दोघांनाही नको म्हटलं नाही. पहिल्याच दिवशी भर चौकात बंद पडली, मागं एसटीचा हॉर्न, आत पोरं म्हणतायत "मॅडम धक्का मारू का". तुमचंही लिहा.

स्पॅनर
ओम्नीला बॉनेट कुठं असतं ताई, इंजिन सीटखाली असतं. पाळकसाहेबांनी वायपरसाठी प्रार्थना केली वाटतं

नगरची_टीचरबाई
हा हा, म्हणूनच वायपर कधी बिघडला नाही

घोळीची_भाजी
माझ्या पणजीचं सांगते. ती केडगावला मुक्ती मिशनमध्ये होती, बालविधवा. पंडिता रमाबाईंनी तिथं छापखाना काढला होता आणि बायकाच खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवायच्या, छपाई करायच्या. रमाबाईंनी स्वतः बायबलचं मराठी भाषांतर केलं तेही तिथंच छापलं. पणजी म्हणे खिळे उलटे वाचता वाचता वाचायला शिकली, म्हातारपणी पण पेपर उलटा धरून वाचून दाखवायची आम्हाला हसवायला. मी प्रिंटिंगचं दुकान टाकलं तेव्हा सगळे म्हणाले आता कोण छापतंय मोबाईलच्या काळात. मी पणजीचं नाव घेतलं आणि लोनच्या कागदावर सही केली. लग्नपत्रिका अजून छापतात हो लोक

दौंडकर
नगरचं केडगाव की दौंडचं?

घोळीची_भाजी
दौंडचं. दरवेळी सांगावं लागतं

उमेदवार_कायमचा
माझा अनुभव उलटा आहे, चालेल का. बायबलमधलं फिलिप्पै ४:१३ टेबलासमोर चिकटवलं, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही" वगैरे, एमपीएससी दिली, प्रीलिम पण निघाली नाही. परत दिली, परत तेच. आई अजून म्हणते देवाची वेळ यायचीय. देवाची येईल, माझं वय चाललंय

पाळकांची_लेक
दादा वाईट वाटलं वाचून. पण ते वचन पौलानं तुरुंगातून लिहिलंय आणि त्याच्या आधीचं वचन वाच ना, उपाशी कसं राहायचं आणि पोट भरलेलं असताना कसं राहायचं हे दोन्ही मी शिकलोय म्हणतो तो. म्हणजे निकालाची गॅरंटी नाहीच त्यात. आमच्याकडे अर्धं वचन कॅलेंडरवर छापायची सवय, मग लोक नापास झाले की देवावर रुसतात. पप्पांशी यावर माझं भांडण होतं दर जानेवारीत, नवं कॅलेंडर आलं की

उमेदवार_कायमचा
हे फॉर्म भरायच्या आधी सांगायचं ना. कॅलेंडर काढतो आज

वसईचा_केळीवाला
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे वचनं पाठ कमी, रोझरी जास्त. मी सामवेदीत लिहितो, म्हणजे लिहायचो आणि वहीत ठेवायचो, घरची बोली कोण वाचणार. २०२० ला फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू कसा काय अध्यक्ष म्हणून केवढा विरोध झाला आठवतंय ना. तरी ते संमेलनाला गेले आणि बोलले. मी त्याच आठवड्यात संध्याकाळच्या मिस्सानंतर बाकावर बसून राहिलो, घंटा वाजवणारा म्हणाला दार लावायचंय. घरी येऊन एक कविता मासिकाला धाडली. छापली नाही त्यांनी. आता फॅमिली ग्रुपवर टाकतो, मावश्या रडतात, बास आहे. (यंदा केळीचा भाव विचारू नका)

शेवगाव_एक्स्प्रेस
टीचरबाई, मिस्टर लगेच तयार झाले का? आमच्याकडे मला शिवणाचा क्लास काढायचा तर ह्यांची परवानगी, मग सासऱ्यांची. लक्ष्मीबाई टिळकांचं डोक्यात येतं मग. त्यांच्या नवऱ्याचा, रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० ला. नवऱ्याच्या मागं फरफटत गेल्या नाहीत, स्वतःला पटलं तेव्हाच गेल्या. मी ह्यांना एवढंच म्हटलं की मलाही माझं पटू द्या. मशीन घेतलंय सेकंडहँड. दूध उतू गेलं, नंतर लिहिते

नगरची_टीचरबाई
मिस्टर तीन दिवस बोलले नाहीत. मग एके दिवशी सकाळी टायरमध्ये हवा भरून ठेवलेली दिसली

मिरजेची_सिस्टर
नाईट ड्युटीवरून लिहितेय, जर्मनीत आहे. चाळिशी ओलांडल्यावर जर्मन शिकायला बसले, क्लासात सगळी माझ्या मुलीच्या वयाची. जर्मनची बी२ पातळीची परीक्षा झाल्याशिवाय नर्स म्हणून घेत नाहीत इथं. आई रोज फोनवर बायबलमधलं यहोशवाचं वचन म्हणायची, खंबीर हो, हिंमत धर. मी म्हणायचे आई, यहोशवाला जर्मन व्याकरण नव्हतं. पण तोंडी परीक्षेला बाहेर बसले होते तेव्हा तेच आठवलं, दुसरं काही आठवतच नव्हतं. भीती गेली नाही हं, हात गारच होते. उठून आत गेले एवढंच. इथं रविवारी चर्चमध्ये मोजून म्हाताऱ्या असतात, आमच्या मिरजेत नाताळला उभं राहायला जागा नसते. रडू येतं कधीकधी. बेल वाजली, येते

गोदाकाठ
मी ख्रिश्चन नाही, तरी लिहू का? हॉस्टेलवर सिस्टर होत्या एक, माझं लग्न ठरवायला वडील आले तेव्हा त्यांनी वडिलांना चहा दिला, माझी मार्कशीट पुढ्यात ठेवली आणि स्वतः गप्प बसून राहिल्या. मी एमएस्सी झाले. त्या प्रार्थना करत होत्या की नुसत्या बसल्या होत्या माहीत नाही

हरेगावकर
छान धागा. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला कोण कोण येतंय? श्रीरामपूरहून जीप सांगितलीय, चार जागा शिल्लक

स्पॅनर
जीपला बॉनेट असतं

उमेदवार_कायमचा
मिरजेच्या सिस्टर, बी२ ला साधारण किती महिने लागतात? बहिणीसाठी विचारतोय, नर्सिंगचं जीएनएम झालंय तिचं

मिरजेची_सिस्टर
नोकरी सांभाळून करणार असेल तर वर्ष धर, कमी धरू नकोस. एजंटला एकदम पैसे देऊ नकोस. तिलाच लिहू दे ना इथं, लाजते का?

उमेदवार_कायमचा
लाजते. सांगतो तिला