घरी नर्स हवी तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या: मेडिकेअरची ही अट बरोबर आहे का?

सायली_एनजे:
सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, आमच्याजवळ न्यू जर्सीत असतात. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर आम्ही हप्ते भरून त्यांना मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, घेतलं. फेब्रुवारीत त्या बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, म्हणून हॉस्पिटलात ठेवून घेतलं नाही. पण तेव्हापासून पलंगावरून उठायचं म्हटलं तरी हात थरथरतात.

डॉक्टर फोनवर म्हणाले, घरी फिजिओथेरपिस्ट बोलावू. घरी नर्स-थेरपिस्ट पाठवणाऱ्या एजन्सीने पहिला प्रश्न विचारला, फेस टू फेस झालंय का? नियम असा आहे की घरची सेवा सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत किंवा सुरू झाल्यावर ३० दिवसांत डॉक्टरांनी पेशंटला समोर पाहिलेलं हवं, आणि तेही ज्या दुखण्यासाठी सेवा हवी त्याच दुखण्यासाठी. आम्ही डिसेंबरात जाऊन आलो होतो, पण रक्तदाबासाठी. ते चालणार नाही म्हणाले.

मग नेलं. दाराबाहेर चार पायऱ्या, त्यांवर बर्फ गोठलेला. नवऱ्याने मीठ टाकलं. मी पुढे, त्या मागून माझे दोन्ही खांदे धरून एकेक पाऊल टाकत होत्या. चार पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. डॉक्टरांनी साधारण तेवढाच वेळ तपासलं. घरी आल्यावर न जेवता झोपल्या.

ही सेवा मिळते कुणाला? ज्याला घराबाहेर पडणं फार कष्टाचं आहे त्याला. आणि ती मिळवायला त्यालाच बाहेर काढायचं! माझं म्हणणं, घरी येऊन तपासणाऱ्या नर्सचा अहवाल आणि त्यावर डॉक्टरांची सही एवढं पुरेसं धरावं.

वैदर्भीय:
मी टेक्सासमध्ये होम हेल्थ नर्स आहे, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन सेवा देते. तुमचे हाल वाचून वाईट वाटलं, पण अट काढू नये असंच मी म्हणेन.

नुसत्या सहीवर काय चालायचं ते आमच्या राज्याने पाहिलंय. डॅलसचे डॉक्टर जॅक रॉय यांच्या ऑफिसातून २००६ ते २०११ या काळात ११ हजारांहून जास्त लोकांसाठी घरच्या सेवेची गरज असल्याची प्रमाणपत्रं गेली. आरोप साडेसदतीस कोटी डॉलरांच्या घोटाळ्याचा होता. २०१७ मध्ये त्यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली. समक्ष भेटीची अट २०१० च्या आरोग्य कायद्यातून आली, ती अशाच सह्यांना आळा घालायला.

दुसरं, म्हातारं माणूस पडतं त्याला कारण असतं. माझ्या पेशंट असलेल्या एका आजींना सगळे गुडघ्यासाठी व्यायाम द्या म्हणत होते. डॉक्टरांनी झोपवून आणि उभं करून दोनदा बीपी घेतलं, तर उभं राहताच ते धाडकन खाली येत होतं. गोळीचा डोस जास्त होता. व्यायामाने ते कसं बरं झालं असतं?

बिलिंगवाली:
मी एका एजन्सीत कागदपत्रं बघते. इथे थोडी गल्लत होतेय. डॉक्टरच लागतो असं नाही, नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिकलेली, स्वतः तपासून औषध देऊ शकणारी नर्स) किंवा फिजिशियन असिस्टंटने (डॉक्टरांबरोबर काम करणारा, पेशंट तपासणारा सहायक) पाहिलं तरी चालतं, आणि २०२० च्या कायद्यापासून ते स्वतः प्रमाणपत्रही देऊ शकतात. हॉस्पिटलातून घरी येणाऱ्याला तिथल्या डॉक्टरांची तपासणी बहुतेक वेळा पुरते. अडकतात ते सायलीताईंच्या सासूबाईंसारखे, जे पडले पण अ‍ॅडमिट झाले नाहीत.

आणि कागद अडतो तो भेटीपेक्षा नोंदीमुळे. डॉक्टर पाच तक्रारी ऐकतात आणि लिहितात एकच. अपॉइंटमेंट घेतानाच 'पडल्या, चालता येत नाही, घरी थेरपी हवी' असं सांगा आणि नोंदीत तसं आलंय का ते निघण्याआधी विचारा.

सायली_एनजे:
ताई, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! पण ३० दिवसांच्या सवलतीचं काय? आम्ही म्हटलं, थेरपी सुरू करा, महिन्याभरात दाखवून आणतो. एजन्सी तयार होईना. भेट झाली नाही तर त्यांचे पैसे बुडतात. म्हणजे सवलत कागदावरच राहिली.

आणि वैदर्भीय, तपासणी इतकी महत्त्वाची असेल तर ६० दिवसांनी सेवेची मुदत वाढवताना नवी भेट का लागत नाही? तेव्हा सही चालते ना?

तुमच्या आजींचं उदाहरण मात्र पटलं. सासूबाईंचं बीपी आमच्याकडे कुणी उभं करून घेतलंच नव्हतं, काल घेतलं. पण ते घरीच घेता आलं! नर्सने घरी बीपी घ्यावं, डॉक्टरांनी व्हिडिओवर बघावं. २०२० पासून घरून व्हिडिओवर झालेली भेटही चालते, पण संसद मुदत थोडी थोडी वाढवत आली. १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारचं कामकाज बंद पडलं तेव्हा ही सोयही गेली आणि नोव्हेंबरात परत आली. त्या सहा आठवड्यांत ज्यांची आई पडली त्यांनी काय करायचं होतं? ही सोय कायमची करा, एवढंच माझं मागणं.

वैदर्भीय:
व्हिडिओ कायमचा करायला माझी ना नाही. मुदतवाढीला नवी भेट लागत नाही हाही दोषच आहे, मला विचाराल तर तिथेही हवी.

पण एजन्सीच्या नर्सच्या अहवालावर सगळं सोडायला मी तयार नाही, आणि मी स्वतः त्याच पगारावर आहे म्हणून सांगते. पेशंट घरच्या सेवेत दाखल झाला तर एजन्सीला पैसे मिळतात. ज्या आजोबांना मी 'यांना गरज नाही' असं लिहिलं, त्यांच्याबद्दल मला संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला, पुन्हा एकदा बघता का म्हणून. मी बदललं नाही. नोकरीला महिनाच झालेली मुलगी असती तर तिने काय केलं असतं? एजन्सीबाहेरचं कुणीतरी बघायलाच हवं.

सायली_एनजे:
बाहेरचं कुणीतरी बघावं, मान्य. मग त्याने चार पायऱ्या चढून आमच्याकडे यावं.

बिलिंगवाली:
येतात, सायलीताई. घरी भेट देणारे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर आहेत, मेडिकेअर त्याचे पैसेही देतं, आणि ती भेट फेस टू फेस म्हणून धरली जाते. पण आमच्या भागात असे फार थोडे आहेत आणि त्यांच्याकडे नेहमीच वेटिंग असतं. कुठला गाव तुमचा? व्यक्तिगत निरोप करा, माझ्याकडे यादी आहे.