फॅमिली ग्रुप: रविवारच्या गटारीचा बेत

वैशाली: भाऊजी, मेनू वाचला. पाया सूप, कलेजी, सुकं मटण. अप्पांची किडनी कमजोर आहे, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळते तो कचरा) वाढून २.१ झालंय, विसरलात का?

संजूदादा: सूप वाटीभर देणार. माणसाला ताकद नको?

वैशाली: कलेजीत फॉस्फरस भरपूर, तो त्यांच्या किडनीला झेपत नाही. डाएटिशियनने पायाही बंद सांगितलाय. आणि सुकट, खारा बांगडा घरात नको.

नंदूकाका: आमच्या शेजाऱ्यांना डॉक्टर म्हणाले रोज अंडी-चिकन खा. त्यांचीही किडनीच की!

अमेय: काका, ते डायलिसिसवर आहेत. त्यात प्रोटीन वाहून जातं, म्हणून त्यांना जास्त लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. अप्पांना ०.८ सांगितलंय. वजन ६०, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम. डाळ, दूध, पोळी सगळं धरून.

संजूदादा: ४८ ग्रॅम मटण म्हणजे दोन घास.

अमेय: दादा, ४८ ग्रॅम प्रोटीन! शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्येच २५-३० असतं. दोन लहान फोडी द्या, रस्सा नको. पोटॅशियम रश्श्यात उतरतं, तेही अप्पांच्या किडनीला झेपत नाही.

मंगलमावशी: लो सोडियम मीठ वापरा, माझ्या भिशीत सगळ्या तेच वापरतात.

अमेय: मावशी, प्लीज नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

नंदूकाका: म्हणजे मीठही नको आणि बिनमिठाचं मीठही नको. अप्पाने हवा खावी.

वैशाली: सुकट, खारा बांगडा नको. पुन्हा लिहितेय.

सुनंदाआत्या: वाचलं गं बाई. ताज्या बांगड्याने काय घोडं मारलंय?

वैशाली: ताजा चालेल आत्या, एकच तुकडी. काट्यासकट चावून खातो ती मांदेली नको. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात बरा, त्यात फॉस्फरस जवळजवळ नाहीच.

नंदूकाका: पिवळं माझ्याकडे पाठवा.

रश्मी: मी नगेट्स आणते, अप्पांना आवडतात.

वैशाली: अगं नको, पाकिटातल्या मांसात बऱ्याचदा फॉस्फेट घातलेलं असतं. ते मटणातल्या फॉस्फरसपेक्षा जास्त अंगात मुरतं.

संजूदादा: पुण्यात बसून सूचना देणं सोपं असतं. दवाखान्याच्या रांगेत मी उभा असतो.

वैशाली: ते कोणी नाकारलंय का? रिपोर्ट ग्रुपवर टाकत जा एवढंच म्हणणं आहे. 🙏

मंगलमावशी: जाऊ दे, पुढे श्रावण. महिनाभर किडनीला आरामच.

अमेय: उपासाला बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी ना? तिथेही पोटॅशियमच.

सुनंदाआत्या: मग रविवारी पापलेट करा. एक तुकडी, मीठ बेताचं.

संजूदादा: पापलेटचा भाव माहीत आहे का?

नंदूकाका: बांगडाच आणा.

वैशाली: ताजा. खारा नाही.