माजी सैनिकांच्या दवाखान्यात ‘घरी कसं चाललंय?’ हे विचारावं का?

माणदेशची सून
स्पष्टच मांडते. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकात वजन-बीपी घेताना घरचेही चार प्रश्न विचारावेत. घरात सोबत कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, दवाखान्यात यायची सोय काय, आणि पेन्शनचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं.

सासरे निवृत्त हवालदार, त्यांची औषधं आणायला मी सोबत जाते. तिथे बाकावर ओळख झालेले एक आजोबा आहेत. साखर काही केल्या उतरेना, डॉक्टर दर खेपेला इन्सुलिनचे युनिट वाढवताहेत. एकदा औषध देणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, “फ्रीजमध्येच ठेवता ना, मेजर?” (आमच्याकडे शिपाई म्हणून घरी आला तरी माणूस मेजरच.) तेव्हा कळलं की फ्रीज मुलाच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि मुलगा मुंबईला. इन्सुलिन पत्र्याखालच्या फडताळात, तेही एप्रिलमध्ये. औषध बाटलीतच निकामी होत होतं आणि डोस वाढत होता.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, ज्यांना तिथे व्हीए म्हणतात, २०१२ पासून बाह्यरुग्णांना विचारतात: गेले दोन महिने राहायला पक्की जागा होती का, आणि पुढच्या दोन महिन्यांची धास्ती वाटते का. पुढे २०१८ मध्ये ‘एकॉर्न’ नावाची मोठी प्रश्नावली सुरू झाली. त्यात जेवण, वीजबिल, प्रवास, एकटेपणा, कोर्टकचेरी असं सगळं आहे. आपले प्रश्न वेगळे असतील, पण विचारायला काय हरकत आहे?

निवृत्त सुभेदार
हरकत आहे, ताई. पहाटेची गाडी पकडून टोकन घ्यायचं, नंबर लागेपर्यंत दुपार, रेफरलची रांग वेगळी, आणि शेवटी खिडकीवर कळणार की निम्मी औषधं आलेलीच नाहीत. आधी हे निस्तरा. त्यात आणखी एक फॉर्म वाढवू नका.

दुसरं, मागे रांगेत गावचेच चार जण उभे असताना फौजी माणूस “सून जेवायला वाढत नाही” असं क्लार्कला सांगेल? मेला तरी सांगणार नाही. सांगितलंच, तर संध्याकाळी पारावर तोच विषय. योजनेत वर्गणी भरून आलोय आम्ही, दया मागायला नाही.

आणि अमेरिकेत माजी सैनिक फुटपाथवर झोपतात म्हणून ते घराचं विचारतात. आपल्याकडे घर आहे, रान आहे, भावकी आहे. अडचणी ऐकायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे ना? त्यांचं काम डॉक्टरच्या गळ्यात कशाला?

मुक्कामी गाडी
भावकी आहे म्हणूनच विचारायला हवं, सुभेदार साहेब. तहसीलला एक चक्कर मारा, निम्म्या केसेस भावकीच्याच निघतील.

ओपीडीतला
मी डॉक्टर, एका सरकारी बाह्यरुग्ण विभागात. माझा विरोध सुभेदारांपेक्षा वेगळा आहे.

अमेरिकेचा दाखला निघालाच आहे तर पुढचंही ऐका. तिथे मेडिकेअर-मेडिकेड या वृद्धांच्या आणि गरिबांच्या सरकारी विमा योजनांतल्या रुग्णांवर २०१७ पासून काही वर्षं मोठा प्रयोग झाला. दहा लाखांवर लोकांना असेच प्रश्न विचारले. ज्यांची गरज मोठी दिसली त्यांना मदतनीस दिला. मूल्यमापनात काय निघालं? मदतनीस मिळूनही लोक मदतीच्या ठिकाणांपर्यंत इतरांपेक्षा जास्त पोहोचल्याचं दिसलं नाही. इमर्जन्सीतल्या फेऱ्या घटल्या, हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकच बाजू मांडतोय असं व्हायचं. नंतर साध्या रुग्णालयांनाही २०२४ पासून अशा तपासणीचा अहवाल देणं सक्तीचं झालं, आणि २०२५ मध्ये सरकारनेच ती अट काढून टाकायचं ठरवलं.

व्हीएमध्ये डॉक्टरच्या गटात समाजसेवक असतो. ‘जागा नाही’ असं उत्तर आलं की ते घरभाड्याची मदत देणाऱ्या योजनेकडे जातं. तिथे बेघर माजी सैनिक २०१० साली सुमारे ७४ हजार होते, २०२४ च्या गणनेत ३२,८८२ भरले. माझ्या मते हे यश प्रश्नाचं नाही, त्यामागे ठेवलेल्या पैशाचं आहे. इथे मी ‘एकटेपणा: आहे’ या चौकटीत टिक केली तर खाली काय लिहून देऊ? दिवसातून तीनदा, जेवणानंतर, शेजारी?

विचारलं की समोरच्याला वाटतं, आता काहीतरी होणार. झालं नाही की पुढच्या वेळी तो पोटदुखीचंही खरं सांगत नाही.

माणदेशची सून
डॉक्टर, पण सगळ्याच उत्तरांना पैसा लागत नाही हो. दोन आडव्या रेघा मारून ‘फ्रीज नाही’ एवढं लिहायला कसली योजना हवी? इन्सुलिन गारव्याला कसं ठेवायचं, निदान मातीच्या भांड्यात पाणी घालून, हे तिथेच सांगता येतं. आणि घरपट्टी घ्या. २०२० मध्ये राज्याने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना ती माफ केली. आमच्या गल्लीतल्या दोघी अजून भरताहेत. विचारल्याशिवाय त्यांना कोण सांगणार?

मुक्कामी गाडी
मी विचारण्याच्या बाजूचा, पण प्रश्न बाहेरून उचलून आणू नका. ‘प्रवासखर्चाची अडचण आहे का?’ असं विचाराल तर आमच्या गावात सगळे ‘नाही’ म्हणतील. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट, त्याआधीच्या ज्येष्ठांना आणि सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. कागद हिरवागार. खरी अडचण अशी की गाडी सकाळी सातला जाते आणि परतीची थेट संध्याकाळी. मधुमेही म्हातारा दिवसभर उपाशी, नाहीतर स्टँडवरच्या वड्यावर. ‘आज घरून किती वाजता निघालात आणि काय खाल्लंत?’ एवढं विचारा. सगळं निघेल.

वीरपत्नीची लेक
ताई, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. सासऱ्यांसोबत तुम्ही असता. तुमच्यासमोर ते घरचं काय सांगतील?

आईला फॅमिली पेन्शन आहे. स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीतून दर महिन्याला बँकेत जमा होते. हयातीचा दाखला काढायला भाऊ तिला न चुकता नेतो, त्यात त्याची एक तारीख चुकत नाही. चष्म्याचा नंबर बदलून मात्र तीन वर्षं झाली. कार्ड कुणाकडे असतं हे तुम्हाला कळलंच असेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ती प्रांताकडे अर्ज करू शकते, १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करू शकते. करणार नाही. पण दवाखान्यात एखाद्या सिस्टरने दार लोटून, भावाला बाहेर बसवून विचारलं असतं, तर बहुतेक बोलली असती. दवाखाना ही एकच जागा आहे जिथे ती तक्रार करायला आलेली नसते.

म्हणजे विचारा, पण एकट्याला. ते जमत नसेल तर मुळीच विचारू नका. भाऊ शेजारी उभा असताना कार्डाचा विषय काढलात तर घरी गेल्यावर निस्तरायचं तिनेच.

माणदेशची सून
राग कसला. मलाही बाहेर बसवा.

निवृत्त सुभेदार
लेकीचं म्हणणं काळजाला लागलं, नाही म्हणत नाही. पण मग सगळ्यात गरजू माणसाचं काय ते सांगा. काही अपवाद सोडले तर ईसीएचएस हे पेन्शनवाल्यांचं. ज्याची नोकरी पेन्शनआधीच सुटली, तो त्या बाकावर कधी बसतच नाही. पासष्टीपुढच्या, हवालदारापर्यंतच्या अशा माणसांना केंद्राची मदत आहे. महिना चार हजार होती, नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार केली. ती कल्याण कार्यालयातून मिळते, दवाखान्यातून नाही. तुमचे चार प्रश्न पॉलिक्लिनिकात टांगलेत आणि तो माणूस गावात बसलाय.

त्यापेक्षा कल्याण कार्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा तालुक्याला आणा, पेन्शनवाला असो वा नसो. पॉलिक्लिनिकातही एक दिवस टेबल टाका. माणूस फौजी असावा, शक्यतो दुसऱ्या तालुक्याचा. फौजी फौजीला सांगेल, क्लार्कला नाही.

ओपीडीतला
टेबलाला माझा विरोध नाही. मात्र टेबलावर काय बोलणं झालं ते मला कळणार कसं? केसपेपरवर लिहू नका, ती फाइल मुलाच्याच काखेत असते. आणि कंत्राटी डॉक्टर बदलत राहतात, तोंडी निरोप टिकत नाही.

वीरपत्नीची लेक
मग संगणकात ठेवा, फक्त डॉक्टरला दिसेल असं.

निवृत्त सुभेदार
संगणकात! सर्व्हर बंद पडला की रेफरलला अख्खी रांग ताटकळते, बाई. माझं मत तेच राहील. वहीत लिहा, वही टेबलवाल्याकडे कुलपात, आणि डॉक्टरने गरज पडली तर उठून दोन पावलं चालत जाऊन विचारावं.

ओपीडीतला
समोर नव्वद पेशंट बसलेले असताना?